दमसास, रक्तप्रवाह आणि आपली मुले
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात, साक्री येथे पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



मी इतिहास आणि मराठी शिकविणारा साधा शिक्षक. खेळाचा तास माझ्याकडे नाही, आणि वैद्यकाचे शिक्षण तर मुळीच नाही. तेव्हा आज व्यायाम आणि रक्तप्रवाह यांवर मी बोलणार हे ऐकून आपणांपैकी काहींना हसू आले असेल. ते रास्तच आहे. परंतु ज्या प्रसंगामुळे मला या विषयाच्या मागे लागावे लागले, तो प्रसंग आधी सांगतो. मग आपणच ठरवा.

गेल्या हिवाळ्यात एके दिवशी पहाटे कान नदीच्या बाजूने मी फिरावयास गेलो होतो. मैदानावर आपलाच एक माजी विद्यार्थी धावत होता. त्याचे वडील महामार्गावरील एका गॅरेजमध्ये काम करतात. घरात पाच खाणारी तोंडे आहेत, आणि मुलगा पोलीस भरतीत लागला तर घर वर येईल, अशी साऱ्यांची आशा. मी जवळ गेलो तेव्हा दिसले की मुलाने दोन्ही मांड्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे करकचून बांधले आहेत आणि तशा स्थितीत तो शंभर-शंभर मीटर जीव तोडून पळतो आहे. पाय खाली काळेनिळे पडले होते. मी विचारले, “अरे, हे काय?” तो म्हणाला, “सर, मोबाईलवर बघितलं. ऑलिम्पिकवाले असंच करतात. रक्त अडवलं की ताकद दुप्पट होते.”

मी त्याला रागावलो. “हा सगळा खुळेपणा आहे, सोड ते,” असे म्हणून पुढे गेलो. चार दिवसांनी पाहतो तो काय, मुलगा शाळेच्या भिंतीआड, कोणास दिसणार नाही अशा जागी, तीच ट्यूब बांधून धावत होता. त्या दिवशी त्याचा डावा पाऊल दुपारपर्यंत बधिर राहिला. त्याची आई घाबरून माझ्याकडे आली. म्हणाली, “मास्तरसाहेब, पोराच्या पायात मुंग्या येतात म्हणतो, तुम्ही सांगा ना त्याला.”

मी तर सांगितलेच होते. पण काय सांगितले होते? “खुळेपणा आहे.” आणि मला त्या विषयातले ओ की ठो कळत नव्हते. मुलाने ते ओळखले असणार. ज्या शिक्षकाला माहिती नाही त्याची बंदी मूल मानत नाही, ते फक्त लपून करू लागते. ही चूक माझी होती. म्हणून मी वाचावयास बसलो, आणि तालुक्यातील डॉक्टरांना जाऊन विचारले. तेव्हा समजले की मुलगा अगदीच चूक बोलत नव्हता. मोबाईलने त्याला अर्धे खरे सांगितले होते, आणि अर्धे खरे हे पुऱ्या खोट्याहून घातक असते.

मित्रहो, आधी रक्ताविषयी दोन शब्द. रक्त शरीरात फिरते हे आज सातवीचे मूलही सांगते. पण हे समजावयास माणसाला शतके लागली. ग्रीक वैद्य गॅलेन याचे मत असे की हृदयाच्या उजव्या कप्प्यातील रक्त मधल्या पडद्यातील अदृश्य छिद्रांतून डाव्या कप्प्यात जाते. हजार वर्षांहून अधिक काळ हे मत कोणी मोडले नाही. तेराव्या शतकात दमास्कसमध्ये शिकलेले आणि कैरोत वैद्यकी केलेले इब्न अल्-नफीस यांनी, इब्न सीनांच्या ग्रंथावर भाष्य करताना, स्पष्ट लिहिले की त्या पडद्यात छिद्रे नाहीत. रक्त उजवीकडून फुप्फुसात जाते, तेथे हवेशी मिसळते आणि मग डावीकडे येते. पुढे १६२८ साली इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी संपूर्ण रक्ताभिसरण सिद्ध करून दाखविले. इब्न अल्-नफीस यांचे हस्तलिखित १९२४ साली बर्लिनच्या ग्रंथालयात एका इजिप्शियन डॉक्टरांच्या हाती लागले, तेव्हा जगाला त्यांची खरी ओळख पटली. थोरांचे वचन आहे म्हणून ते डोळे मिटून मानू नये, तपासून पाहावे, हा त्यांचा धडा. मोबाईलवरील वचनाला तर तो अधिकच लागू आहे.

आता मुलाच्या ट्यूबकडे येऊ. रक्त अडवून व्यायाम करण्याची कल्पना जपानमधील योशिआकी सातो यांची. १९६६ साली एका धार्मिक विधीत ते बराच वेळ पायांवर पाय मुडपून बसले होते. पाय बधिर झाले, पोटऱ्या भरून आल्या. नमाजात बराच वेळ बसल्यावर आपणांपैकी वयस्करांना जे होते, तेच. सातोंच्या मनात आले की हे भरून येणे तर कसून व्यायाम केल्यावर येते तसेच आहे! मग त्यांनी स्वतःच्या हातापायांवर पट्टे बांधून वर्षानुवर्षे प्रयोग केले. १९७३ साली बर्फावरील घसरगुंडीच्या खेळात त्यांचा पाय मोडला. प्लास्टरमध्ये असतानाही त्यांनी पट्ट्यांचा प्रयोग चालू ठेवला, आणि पायाचे स्नायू फारसे वाळले नाहीत. या पद्धतीला त्यांनी ‘कात्सू’ असे नाव दिले. जगात ती ‘ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन’ म्हणून चालते. आपण तिला रक्तप्रवाह-रोध म्हणू.

हे घडते कसे? शुद्ध रक्त नेणाऱ्या धमन्या खोल असतात, त्यांच्या भिंती जाड. रक्त परत आणणाऱ्या नीला उथळ आणि मऊ. मोजून दाब दिला तर रक्त थोडे थोडे आत येत राहते, पण परत जाणे अडते. स्नायूला प्राणवायू कमी पडतो, आम्ल साचते. मग हलके वजन उचलतानाही शरीर एरवी जड कामासाठी राखून ठेवलेले मोठे, जलद तंतू कामाला लावते. म्हणून माणूस जेवढे वजन जास्तीत जास्त एकदा उचलू शकतो, त्याच्या २० ते ३० टक्के वजनावरही स्नायू वाढतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूला जड वजन चालत नाही. त्याला याचा मोठा उपयोग होतो, आणि चांगल्या फिजिओथेरपिस्टांकडे ही पद्धत आज वापरली जाते. मात्र निरोगी माणसाची शक्ती वाढविण्यात जड वजनाचा व्यायाम अजूनही सरस ठरतो. “ताकद दुप्पट होते” हे कोठेही सिद्ध झालेले नाही.

दुसरी गोष्ट मध्यंतरे घेऊन जोरात धावण्याची. हिला इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात. जर्मनीत १९३०च्या दशकात प्रशिक्षक गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ राइंडेल यांनी तिला शास्त्रशुद्ध रूप दिले. त्यांचा नियम फार सोपा होता. थोडे अंतर जोरात धावावे, नाडी १८०च्या आसपास जाऊ द्यावी. मग थांबावे. दीड मिनिटात नाडी १२०वर आली तरच पुढची फेरी घ्यावी. आली नाही तर काम जास्त झाले असे समजावे. त्यांच्या शिष्याने, रुडोल्फ हार्बिग याने, १९३९ साली ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पार केले. तो विक्रम १९५५पर्यंत, सोळा वर्षे टिकला.

पुढे चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने ४०० मीटरच्या फेऱ्यांवर फेऱ्या मारून स्वतःला घडविले, आणि १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ५००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरॅथॉन ही तिन्ही सुवर्णपदके एका आठवड्यात जिंकली. त्याच आठवड्यात, त्याच गावी, कराडजवळच्या गोळेश्वरचे आपले खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. खाशाबांना पाठविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. आम्हा शिक्षकांनी ही गोष्ट विसरू नये.

१९९६ साली जपानच्या इझुमी ताबाता यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, तासभर मध्यम गतीने सायकल मारली. दुसऱ्या गटाने २० सेकंद जीव तोडून आणि १० सेकंद विश्रांती अशा सात-आठ फेऱ्या केल्या, म्हणजे जेमतेम चार मिनिटे. प्राणवायू वापरण्याची शक्ती दोन्ही गटांची वाढली. पण प्राणवायू अपुरा असताना जोर टिकविण्याची शक्ती केवळ दुसऱ्या गटाची वाढली, आणि तीही २८ टक्के. १६०० मीटर धावणाऱ्याला या दोन्ही शक्ती लागतात.

आता या दोन पद्धती एकत्र केल्या तर? हाही प्रयोग झालेला आहे. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी तो २०१६ साली प्रसिद्ध केला. मुरलेले सायकलपटू चार आठवडे ३० सेकंदांच्या जोरकस फेऱ्या मारीत. एका गटाच्या मांड्यांवर प्रत्येक फेरीनंतर, विश्रांतीच्या वेळी, दोन मिनिटे मोजलेल्या दाबाचे पट्टे चढवीत. त्या गटाची प्राणवायू वापरण्याची शक्ती सुमारे साडेचार टक्क्यांनी वाढली. नुसत्या फेऱ्या मारणाऱ्यांची जवळजवळ वाढलीच नाही. परंतु १५ किलोमीटर सायकल चालविण्याची वेळ मात्र दोन्ही गटांत सुधारली नाही!

विद्यार्थी मित्रांनो, या प्रयोगात तीन गोष्टी ध्यानात घ्या. पट्टा धावताना नव्हता, विश्रांतीत होता. दाब यंत्राने मोजलेला होता. आणि एवढे करूनही शर्यतीची वेळ कमी झाली नाही. प्रयोगशाळेतील आकडा वाढला म्हणजे मैदानातील घड्याळ हरले असे होत नाही.

मग ट्यूब का वाईट? खरा पट्टा रुंद असतो. प्रत्येकाच्या पायातील रक्त पूर्ण थांबावयास किती दाब लागतो हे आधी यंत्राने पाहतात, आणि त्याच्या ४० ते ८० टक्केच दाब देतात. सायकलची ट्यूब अरुंद असते. तिचा दाब एका रेषेवर येतो, मज्जातंतू चेमटतात, आणि किती दाब पडला हे कोणालाच कळत नाही. बधिरपणा येतो, काळे डाग पडतात. क्वचित रक्ताची गुठळी होते. क्वचित स्नायूंचे तंतू इतके तुटतात की लघवी काळ्या चहासारखी होते आणि मूत्रपिंडावर येते. असे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, दुसरा दिवस उजाडू देऊ नये. ज्यांना रक्तदाब आहे, ज्यांच्या पायांच्या शिरा फुगलेल्या आहेत, ज्यांना पूर्वी गुठळी झालेली आहे, आणि ज्या भगिनी गरोदर आहेत, त्यांना ही पद्धत वर्ज्य आहे.

आणखी एक कारण आपल्या भागाचे आहे, आणि तेच मला आज सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते म्हणजे सिकलसेल. साक्री तालुक्याचा पश्चिम भाग, नंदुरबार आणि सातपुडा येथे हा रक्ताचा आनुवंशिक दोष आढळतो. आदिवासी बांधवांत तो अधिक आहे, पण तो कोणा एका जातीची मिरास नाही. प्राणवायू कमी पडला, रक्तात आम्ल वाढले, अंगातले पाणी घटले, ऊन चढले की या दोषाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आता विचार करा. मांडीला ट्यूब बांधून, एप्रिलच्या उन्हात, पाणी न पिता जीव तोडून धावणे म्हणजे या चारही गोष्टी हाताने घडवून आणणे नव्हे काय?

ज्यांना आईकडून आणि बापाकडून, दोन्हींकडून हा दोष आला ते रुग्ण. एकाकडूनच आला ते वाहक. वाहक सामान्य आयुष्य जगतात, कित्येकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसते. पण अतिश्रमात त्यांच्याही जिवाला धोका होऊ शकतो. अमेरिकेत २००६ साली एका महाविद्यालयीन फुटबॉलपटूचा सरावानंतर असाच मृत्यू झाला, आणि २०१०पासून तेथे वरच्या श्रेणीच्या महाविद्यालयीन खेळाडूंसाठी या तपासणीची व्यवस्था करण्यात आली. आपल्या देशात १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. तपासणीला रक्ताचे थोडे थेंब लागतात.

मी त्या मुलाला आणि त्याच्याबरोबर धावणाऱ्या सहा जणांना घेऊन तपासणीला गेलो. आपला मुलगा निर्दोष निघाला. त्याचा एक सोबती, पश्चिमेकडच्या गावाहून येणारा, वाहक निघाला. तोही ट्यूब बांधीत होता. हे ऐकले तेव्हा माझे हात थंड पडले. मी “खुळेपणा” म्हणून पुढे गेलो होतो ना, त्या दिवशी तोही मैदानावर होता.

त्याचे धावणे बंद झाले काय? नाही. डॉक्टरांनी सांगितले की पाणी भरपूर पी, ऊन टाळ, फेऱ्यांमध्ये विश्रांती पुरी घे, अंग दुखून आले किंवा श्वास लागला तर त्याच क्षणी थांब. तो आजही धावतो. माहितीने त्याचे पाय बांधले नाहीत, मोकळे केले.

मग आम्ही काय केले ते सांगतो. दोरीने मोजून मैदानावर चुन्याने २०० मीटरची फेरी आखली. आठवड्यातून दोनच दिवस जोराच्या फेऱ्या. आधी दहा मिनिटे हलके धावणे, मग २०० मीटर जोरात आणि २०० मीटर चालत, अशा सहा वेळा. तिसऱ्या आठवड्यापासून ४०० मीटरच्या चार. प्रत्येक फेरीनंतर मनगटावर बोटे ठेवून दहा सेकंदांत नाडीचे ठोके मोजायचे. वीस किंवा कमी झाले की पुढची फेरी, कारण वीस म्हणजे मिनिटाला १२०. बाकीच्या दिवशी सोबत्याशी बोलता येईल इतक्याच गतीने धावणे, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. उन्हाळ्यात सूर्य वर येण्यापूर्वी आटोपायचे. रमजानच्या महिन्यात दिवसा जोराच्या फेऱ्या नाहीत. इफ्तारनंतर अन्न जिरू देऊन हलके धावणे पुरे. खाणे घरचेच: बाजरी-ज्वारीची भाकर, डाळ, शेंगदाणे, जमेल तेव्हा अंडे. डबाबंद पावडरीवर बापाचा पगार घालवू नये.

सहा आठवड्यांत त्या मुलाची १६०० मीटरची वेळ ६ मिनिटे २० सेकंदांवरून ५ मिनिटे ५८ सेकंदांवर आली. हे भरतीला पुरेसे नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितले आहे. तोही जाणतो. ट्यूबने हे सहा दिवसांत होईल असे त्याला वाटले होते. आता तो आठवडे मोजतो.

बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे शेतकऱ्याचे पोर. शाळेसाठी रोज मैलोगणती पायपीट करणारे. सैन्यात गेले आणि तेथे धावपटू झाले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांचे सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले, रौप्य मिळाले. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण घेतले. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य मिळविले. आणि मुलींच्या पालकांनो, सिफान हसन यांचे नाव ऐका. इथिओपियात जन्मलेली, नेदरलँड्ससाठी धावणारी ही मुस्लिम युवती. २०२४ साली पॅरिसला मॅरॅथॉनचे सुवर्ण जिंकून पदक घ्यावयास आली ती हिजाब घालून. आपल्या मैदानावर आज एकही मुलगी धावताना दिसत नाही. पोलीस भरतीत मुलींनाही ८०० मीटर धावावे लागते. त्या कोठे सराव करतील, याचा विचार घराघरांत व्हावयास हवा.

पालकहो, माझ्या तीन विनंत्या आहेत. मूल धावू लागले की आधी त्याची रक्तदाबाची आणि सिकलसेलची तपासणी करून घ्या. मोबाईलवर पाहून काही नवे करीत असेल तर रागावण्याआधी विचारा, “हे कोठे पाहिलेस? मलाही दाखव.” मुलींसाठी सकाळचा एक तास मैदान राखून ठेवण्यात यावे, असा ठराव या सभेनेच करावा, त्या तासाला हजर राहण्याची जबाबदारी मी आणि आमच्या दोन शिक्षिका घेऊ.

विद्यार्थ्यांना एकच सांगतो. रक्तप्रवाह-रोधाची विद्या खरी आहे, आणि उद्या तुमच्यापैकी कोणी फिजिओथेरपिस्ट होऊन ती साक्रीत आणली तर मला आनंदच होईल. पण वाढत्या वयाच्या निरोगी मुलाला तिची गरज नाही. त्याला मोजलेली फेरी, मोजलेली नाडी आणि पुरेशी झोप हवी.

त्या मुलाने ट्यूबचे तुकडे मला आणून दिले. एक मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवला आहे. “खुळेपणा आहे” हे शब्द पुन्हा तोंडावर आले की खण उघडून पाहतो.